खालून तेरा मिलिमीटर : काजूच्या बोरम्यातल्या एका रेडिएटरचं प्रकरण

आजऱ्याकडच्या एका काजू कारखान्याच्या मालकांचा फोन आला. पहिलाच प्रश्न : "साहेब, सगळ्यात भारी स्टीम ट्रॅप कुठला?" वाफेच्या ओळींची कामं करता करता एक गोष्ट कळली आहे. ट्रॅपचं नाव विचारत फोन आला, की त्या माणसानं आधीच दोन ट्रॅप बदललेले असतात. इथं तीन बदलले होते.

ट्रॅपचं काम सोपं आहे. वाफ अडवायची आणि वाफेचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर सोडायचं. रेडिएटर थंड पडला, पाइपात ठोके बसायला लागले, की पहिला आळ ट्रॅपवरच येतो. लाइट गेली की वायरमनला शिव्या बसतात, तसं.

जागा आणि तक्रार

काजूची बी वाफवतात, फोडतात, आतला गर काढतात. गरावर तांबूस साल असते. ती हातानं सुटायची तर गर सुकवावा लागतो. तो जिथं सुकवतात त्या गरम हवेच्या खोलीला बोरमा म्हणतात. या कारखान्यातला बोरमा साध्या विटांचा. आत ट्रेच्या गाड्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन स्टीम रेडिएटर आणि हवा फिरवायला पंखे. बॉयलर काजूच्या टरफलांवर चालतो. बोरम्याच्या आधी प्रेशर उतरवणारा व्हॉल्व्ह आहे आणि रेडिएटरला वाफ मिळते २ किलोची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २ किलो दाबाची. त्या दाबाला वाफेचं तापमान साधारण १३३ अंश असतं.

रेडिएटरची बांधणीही साधीच. वर दोन इंची आडवा हेडर, म्हणजे सगळ्या नळ्या जोडलेला मुख्य पाइप, खाली तसाच दोन इंची आडवा हेडर, मध्ये उभ्या फिनच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या नळ्या. वाफ वरच्या हेडरात शिरते, नळ्यांतून उतरता उतरता तिचं पाणी होतं आणि ते खालच्या हेडरात जमतं. त्या हेडरच्या एका टोकातून एक इंची पाइप बोरम्याच्या भिंतीबाहेर येतो. पुढं स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, पुढं ट्रॅप.

तक्रार मालकांपेक्षा सोलणाऱ्या बायकांनी जास्त नेमकी सांगितली. एका मावशींनी दोन गर माझ्या तळहातावर ठेवले. एकाची साल अंगठा फिरवताच कागदासारखी निघाली. दुसऱ्याची चिकटून बसली, आणि नख लावलं तर गराचाच टवका उडाला. "ह्यो उजवीकडचा, ह्यो डावीकडचा," मावशी म्हणाल्या. "डावीकडची गाडी आली की आमचा हात बसतोय बघा." अख्ख्या गराचा भाव आणि पाकळीचा, म्हणजे फुटलेल्या गराचा भाव यात केवढा फरक असतो ते काजूवाल्यांना सांगायला नको. डावीकडच्या गाडीत पाकळी जास्त पडत होती.

दुसरी तक्रार बॉयलरवरच्या पोराची. सकाळी वाफ सोडली की डाव्या रेडिएटरात पाच-दहा मिनिटं ठोके. "आत कोण घण घालायलंय असं वाटतंय की ओ."

माझी पहिली चूक

मी गेलो त्या दिवशी तापमान मोजलं. चकचकीत पाइपवर इन्फ्रारेड गन खोटं बोलते, म्हणून हेडरवर चार ठिकाणी काळ्या रंगाचे ठिपके मारून तिथं नेम धरला. उजवीकडं वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखं. डावीकडं वर ठीक, पण नळ्यांचे खालचे चार-पाच इंच आणि खालचा हेडर बराच थंड. ट्रेवरची हवा उजवीकडं ६६ अंश, डावीकडं ५८.

हवा वाफेपेक्षा जड असते. वाफेच्या जागेत अडकलेली हवा तळाशी बसते आणि तिथून पत्रा तापत नाही. थंडावा तळाशी आहे म्हणजे हवा कोंडली आहे, असं मी ठरवून टाकलं आणि मालकांना एअर व्हेंट, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, बसवायला सांगितलं. ते बसवलं. वाफ सोडल्यावर रेडिएटर तापायला लागणारा वेळ थोडा कमी झाला. ठोके तसेच. साल तशीच. मालक सज्जन माणूस, बोलले काही नाहीत. पण चहा यायला त्या दिवशी उशीर झाला.

आता मागं वळून पाहता चूक निदानात कमी आणि घाईत जास्त होती. ठोके हवेनं बसत नाहीत. ठोक्याला पाणी लागतं. वाफ थंड पाण्यावर आली की जागच्या जागी तिचं पाणी होतं, तिथं पोकळी होते आणि ती भरायला पाणी धावतं. तोच घण. २ किलोची वाफ त्याच तापमानाच्या पाण्याच्या साडेपाचशे पटींहून जास्त जागा व्यापते. रात्रभर पडून थंड झालेलं एक लिटर पाणी तीस अंशांपासून वाफेच्या तापमानाला यायचं, तर ते सव्वाशे लिटरच्या आसपास वाफ गिळतं. म्हणजे प्रश्न ट्रॅपचा किंवा व्हेंटचा नव्हताच. बॉयलर बंद झाल्यावर रात्री डाव्या हेडरात पाणी का राहतं, हा प्रश्न होता.

रेघ

पुढच्या रविवारी कारखाना बंद ठेवून डाव्या हेडरचं टोक खोललं. तिथं दोन इंची सॉकेट आणि त्यात दोन बाय एकचा हेक्स बुश, म्हणजे दोन इंचीला एक इंची पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा होता, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो तसा. बुश सुटताच पाणी आलं. ट्रॅप चालू होता, ओळ मोकळी होती, तरी बादलीचा तळ झाकून वर येईल एवढं पाणी.

बॅटरी मारून आत पाहिलं. हेडरच्या आतल्या अंगाला, तळापासून थोड्या उंचीवर, एक सरळ तांबडी रेघ. रेघेच्या खाली गंजाचा मऊ चिखल, वर कोरडा करडा लोखंडी रंग. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात भिंतीभिंतीवर पाण्याची रेघ उरली होती, ती पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पाणी इथवर येतं आणि इथंच थांबतं.

का थांबतं, ते हातातल्या बुशात दिसत होतं. दोन इंची पाइपचं आतलं तोंड साधारण ५३ मि.मी., एक इंचीचं २७. नेहमीच्या बुशात भोक बरोबर मध्यावर असतं. म्हणजे लहान पाइपचा तळ मोठ्या पाइपच्या तळापेक्षा १३ मि.मी. वर. हेडरच्या तोंडाशी १३ मि.मी.चा बंधाराच घातलेला. त्याच्यावरचं पाणी वाहून जाणार, खालचं कायम मुक्कामाला. ट्रॅप सोन्याचा लावला तरी जे पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही ते तो कसा सोडणार?

पण उजवीकडंही असाच बुश होता. मग ठोके डावीकडंच का? गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी लावली. उजवा हेडर तोंडाकडं किंचित उतरता निघाला. डावा उलटा, तोंडाकडून मागं ६ मि.मी. उतार. खालचा विटांचा चौथरा मागच्या बाजूनं बसला होता. तोंडाशी १३ आणि मागच्या टोकाला १९ मि.मी. पाणी. अडीच मीटरला थोडा कमी असा हेडर. हिशेब केला तर सव्वा लिटरवर पाणी आत. बादलीतलं पाणी साधारण तेवढंच होतं. या पाण्याच्या डोक्यावर हवा बसून राहायची, म्हणून व्हेंटनं थोडा फरक पडला होता. माझी चूक अगदीच वाया गेली नव्हती, एवढं समाधान.

सोपा उपाय कोणालाही सुचेल : हेडरच्या बुडाला भोक पाडून पाइप थेट खाली घ्या. खाली जागा असेल तर तेच करावं, दुसरा विचारही करू नये. इथं हेडर चौथऱ्यातल्या चॅनेलवर टेकलेला होता, खाली बोट शिरेना. दुसरा उपाय म्हणजे हेडरला दणदणीत उतार देणं. वाफेच्या ओळीला पाणी जातं त्या दिशेनं शंभरात एक, म्हणजे मीटरला १० मि.मी. उतार असावा, असा प्रघात आहे. जॅक लावून मागचं टोक उचलायला घेतलं. वरची वाफेची ओळ ताठ बसवलेली. १० मि.मी. उचललं आणि फ्लँज कुरकुरली. तिथंच पट्ट्या सारून थांबलो. उलटा ६ होता तो सुलटा ४ झाला.

नवं काही मिळेपर्यंत जुनाच बुश परत लावला. हे मुद्दाम नव्हतं, पण बरं झालं, कारण त्या आठवड्यात नुसत्या उताराचा परिणाम वेगळा दिसला. ठोके निम्मे झाले आणि डावीकडची हवा ५८ वरून ६१ वर आली. आत अजून पाऊण लिटरवर पाणी राहत असणार.

उद्यमनगर

जे हवं होतं त्याला इसेंट्रिक बुश म्हणतात : बाहेरचा गोल आणि आतलं भोक यांचं केंद्र एक नसतं, भोक एका कडेला सरकवलेलं असतं. थंड देशांतल्या जुन्या इमारतींत घर गरम करायला वाफेचे रेडिएटर असतात. त्यांतल्या एकपाइपी पद्धतीत वाफ ज्या पाइपानं आत येते त्याच पाइपानं पाणी उलटं परततं. तिथं मध्यावरचं भोक चालतच नाही, म्हणून हा बुश तिकडं ओळखीचा. आपल्याकडं त्याची ओळख नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विचारलं तर दुकानदार म्हणाले, "वेल्डिंगचा इसेंट्रिक रिड्यूसर मागवून देतो. आट्यांचा? आमच्याकडं कुणी मागितला न्हाई आजपर्यंत."

वेल्डिंगचा रिड्यूसर, म्हणजे मोठ्या पाइपावरून लहानावर नेणारा निमुळता तुकडा, जास्त चांगला, कारण त्यात दोन्ही पाइपांचे तळ एका रेषेत येतात. पण त्यासाठी हेडरचं आट्यांचं टोक कापावं लागलं असतं आणि शेजारच्या फिनच्या नळ्या वेल्डरला हात घालू देत नव्हत्या. म्हणून गेलो शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या टर्नरमामांकडे.

मामांनी कागदावरचं चित्र पाहिलं आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला : "तेरा सरकवायचं म्हणता, पण मटेरियल कुठं आहे?" दोन इंची आट्यांच्या मुळाशी त्रिज्या साधारण २८. आतल्या एक इंची आट्यांची त्रिज्या साडेसोळाच्या वर. तेरा सरकवलं तर आतले आटे बाहेरच्या आट्यांतून बाहेर डोकावतील. मी घरी बसून तळाशी तळ जुळवला होता, भिंत मोजलीच नव्हती. शेवटी ८ मि.मी. ठरलं. पातळ बाजूला जेमतेम तीन मि.मी. जाडी उरत होती. बंधारा तेराचा पाचावर येणार, शून्यावर नाही.

पंच्याहत्तर मि.मी.च्या एम.एस. (माइल्ड स्टील) राऊंड बारचा तुकडा. आधी सरळ बांधून बाहेरचे आटे पाडले. मग लेथच्या चार जॉच्या चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, समोरासमोरचे दोन जॉ एक ढिला, एक घट्ट करत जॉब सरकवायला सुरुवात. केंद्र ८ सरकलं म्हणजे जॉब फिरताना एका बाजूला जेवढा बाहेर येतो आणि दुसऱ्या बाजूला जेवढा आत जातो त्यातला फरक १६ भरला पाहिजे. मामांच्या डायल गेजची धाव दहाचीच. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि टूलपोस्टपासून जॉबपर्यंत व्हर्नियर लावून दोन्ही बाजू मोजल्या. चक हातानं अर्धा फिरवायचा, मोजायचं, जॉ पाव आटा हलवायचा, पुन्हा मोजायचं. वीस मिनिटं हेच. मशीन चालू झाल्यावर तुकडा असा वेडावाकडा नाचायला लागला की शेजारच्या लेथवरचा पोरगा दोन पावलं मागं सरला. मामा स्पीड कमी ठेवून निवांत. आत भोक, मग एक इंची आटे. दोन इंचीचे आणि एक इंचीचे आटे इंचाला अकराच, त्यामुळे गिअर बदलायचा त्रास वाचला.

इथं एक सांगायला हवं. हा घरगुती बुश चालला तो दाब २ किलोचा होता म्हणून. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या बॉयलर कायद्यातल्या व्याख्येत साडेतीन किलोच्या वरच्या वाफेचा पाइप हा 'स्टीम पाइप' ठरायचा, आणि मग प्रत्येक फिटिंगला तपासणीचा कागद लागायचा. प्रेशर व्हॉल्व्हच्या बॉयलरकडच्या बाजूला असलं काही लावायचं धाडस मी केलं नसतं, कुणी करूही नये.

खूण

बुश तयार झाला आणि खरी अडचण पुढंच होती. साधा बुश आवळला की झालं, तो कुठं थांबतो याच्याशी काही देणंघेणं नाही. इसेंट्रिक बुशात भोक बरोबर खाली येऊन थांबलं पाहिजे. निमुळते आटे मात्र त्यांना वाटेल तिथं घट्ट होतात.

आधी कोरडाच लावून पाहिला. घड्याळाच्या भाषेत, भोक दहावर जाऊन अडलं. हवं होतं सहावर. म्हणजे अजून दोन तृतीयांश फेरा. पूर्ण फेऱ्यात बुश २.३ मि.मी. आत जातो, म्हणजे आणखी दीड मि.मी. आत जायला हवा होता. एवढ्यासाठी बाहेरच्या आट्यांवरून व्यासात एक दशांश मि.मी. काट पुरते. मामांकडं परत एक खेप. दुसऱ्या वेळी साडेपाचवर हाताला घट्ट लागलं, पान्यानं सहावर. मग काढून टेफ्लॉन टेप लावून पुन्हा आवळला. टेप लावल्यावर आटे मागं फिरवायचे नसतात. भोक सहाच्या पुढं गेलं आणि थोडं मागं घेतलं, की तिथून वाफ गळणार हे नक्की. त्यामुळे शेवटचा पाव फेरा मिस्त्रीला न देता मीच दिला.

बुशाच्या कॉलरवर भोकाच्या बाजूला सेंटर पंचनं खूण केली आणि तिच्यावर पांढरा ऑइलपेंट. खूण जमिनीकडं. तिथून निघणारा एक इंची पाइप भिंतीबाहेर पडताच एल्बो घालून वीतभर खाली उतरवला आणि मग स्ट्रेनर-ट्रॅप जोडले. आधी तो तसाच आडवा जात होता.

सोमवारी सकाळी वाफ सोडली. सुरुवातीला एक हलका 'टक' आणि मग काही नाही. बॉयलरवरचा पोरगा पाइपाला कान लावायला निघाला होता, त्याला ओढून मागं घेतला. दुपारपर्यंत डावीकडची हवा ६५. आता आत पाणी राहत असेल तर पेलाभर. मावशींनी डावीकडच्या गाडीतला गर अंगठ्यानं चोळला, साल फुंकून उडवली आणि काही न बोलता पुढचा घेतला. उजव्या रेडिएटरलाही तसाच बुश पुढच्या महिन्यात लावला. तिथं गरज कमी होती, पण मालकांचा आता बुशावर जीव जडला होता.

पुन्हा फोन

पावसाळा सरल्यावर मालकांचा फोन. ठोके परत सुरू. डावीकडंच. आणि आधीपेक्षा मोठे.

"मधी काय काम काढलं होतं?"

"स्ट्रेनर चोंदला होता. आमचा मिस्त्री गावाकडं गेलेला, म्हणून नदीवरच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारी बघतो तो फिटर बोलावला. चांगला माणूस आहे, साहेब. पाइप सोडवताना बुशपण फिरला, म्हणून काढून नीट लावून दिला त्यानं."

मला पुढचं दिसायला लागलं. आमच्याकडं पंचगंगेच्या, हिरण्यकेशीच्या काठानं उपसा पंपांवर हात बसलेले फिटर पुष्कळ. इसेंट्रिक रिड्यूसर त्यांना चांगला ठाऊक असतो, पंपाच्या सक्शनला तो लागतोच. पण तिथं सपाट बाजू, म्हणजे दोन्ही पाइपांच्या कडा एका रेषेत येतात ती, वर ठेवतात. पाणी ओढताना रिड्यूसरच्या टाळूला हवा साठली तर पंप पाणी सोडतो, म्हणून वर कोपरा ठेवायचाच नाही. वाफेच्या ओळीत नेमकं उलटं : तिथं अडचण हवेपेक्षा पाण्याची, म्हणून सपाट बाजू खाली. त्या फिटरनं त्याच्या धंद्याच्या नियमानं काम अगदी चोख केलं होतं. मध्यावरच्या भोकानं तेरा मि.मी. पाणी अडायचं, भोक वर गेलं की आठ त्यात मिळवायचे. एकवीस.

"बुशावर पांढरी खूण आहे बघा," मी म्हटलं. "ती कुठल्या बाजूला आहे?"

फोन हातात घेऊन ते बोरम्याच्या मागं गेल्याचा आवाज आला. मागं पंखा घरघरत होता.

"वर आहे की ओ," मालक म्हणाले. "आभाळाकडं."